वाण नाही, गुण

तात्यांनी जतकडच्या एका माणसाला पाच हजार रुपये इसार देऊन टाकला होता आणि भांडण त्यानंतर सुरू झालं. सौदा करवानी कुत्र्याच्या पिलाचा. नर, बदामी रंगाचा, बाप कुठल्याशा शोमध्ये पहिला आलेला. वय पाच आठवडे. येत्या रविवारी गाडी काढायची आणि पिलू उचलून आणायचं, इतकं ठरलेलं.

मी उंब्रजला गेलो होतो पालच्या यात्रेसाठी. पौषात तारळीच्या काठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत, आणि परतीची गर्दी महामार्गाला लागेपर्यंत दिवस मावळतो. अशा वेळी मुक्काम तात्यांच्या सोप्यावर. त्यांची भाचीही आली होती. ती जनावरांची डॉक्टर. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता कराडला दवाखाना चालवते. दोघांनीही नावं लिहू नका म्हणून बजावलंय, तेव्हा तात्या आणि भाची एवढ्यावरच भागवतो.

चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "मामा, पाच आठवड्यांचं पिलू आणणार तुम्ही?"

"पाच काय, चार आठवड्यांचं आणलंय म्या आधी. ल्हान आणलं की लळा लागतो."

"आईपासून तोडलं की लळा लागतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? रक्त चांगलं असलं की बाकीचं समदं आपोआप हुतंय. खाण तशी माती. राजा काय शाळंत गेला व्हता?"

राजा म्हणजे तात्यांचा आधीचा कुत्रा, गेल्या साली गेला. तोही करवानी. ज्यांनी हे कुत्रं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबोडकं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, आणि उभं राहिलं की माणसाच्या मांडीच्या वर येणारी उंची. वास काढत फिरण्यापेक्षा नजरेनं हेरून पळणारी ही जात. कारवानांबरोबर पश्चिमेकडून आली म्हणून करवानी, असं सांगतात. अंगावर रेशमासारखे लांब केस असले की तिला पश्मी म्हणायचं. कृष्णेच्या खोऱ्यातून खाली कर्नाटकात गेलं की हेच कुत्रं मुधोळ होतं. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, तेव्हापासून ते नाव साहेबाच्या देशात गेलं. टपाल खात्यानं 2005 मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं आणि पिलांचे भाव चढले, असं तात्या म्हणतात. त्यांचा राग अर्थात भावावर आहे.

"राजानं आयुष्यात कुणाला दात लावला न्हाई," तात्या पुढं म्हणाले. "पण परक्या माणसाला अंगाला हातबी लावू दिला न्हाई. ह्याला म्हणायचं जातिवंत. त्ये बघ," त्यांनी पायरीखाली पडलेल्या काळ्या-पांढऱ्या गावठी कुत्र्याकडे बोट केलं, "कोण बी येऊ दे, लोळण घेतंय."

"त्याला सगळे भाकरी घालतात, म्हणून लोळण घेतंय. राजाला लहानपणापासून घरच्या चार माणसांशिवाय कुणी शिवलं होतं का? तुम्हीच शिवू देत नव्हता. नजर लागते म्हणायचा."

तात्या हसले. हा मुद्दा भाचीचा, असं मी मनात लिहून ठेवलं.

"बरं मग हे सांग. राजा तीन महिन्यांचा व्हता. म्या पोत्याचा तुकडा दोरीला बांधून आंगणातनं ओढत न्हेला. डोळं असं लागलं त्याचं की बस. आई न्हाई, बाप न्हाई, दुसरं करवानी गावात न्हाई. कुणी शिकवलं त्याला?"

"कुणीच नाही. ते रक्तातलंच आहे," भाची म्हणाली. "पळत्या वस्तूमागं धावणं, मेंढपाळी कुत्र्यानं कळपावर डोळा रोखणं, पॉइंटरनं पक्ष्याचा वास लागला की एक पाय उचलून थबकणं, हे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसानं त्यांच्यात रुजवलंय. याबद्दल वाद नाही. पण मामा, पळणं म्हणजे स्वभाव नव्हे. परका माणूस आला तर घाबरायचं की शेपूट हलवायची, पोरानं कान ओढला तर उठून जायचं की चावायचं, त्याला मी स्वभाव म्हणते."

इथं वादाला धार आली, कारण तोवर दोघं 'स्वभाव' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते. कुत्र्यांवरच्या गप्पांमध्ये हे नेहमी होतं. एकजण कामाबद्दल बोलतो, दुसरा वागण्याबद्दल, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं.

भाचीनं मग आकडे काढले. अमेरिकेत 2022 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना वागणुकीबद्दल प्रश्न विचारले, त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीवरून थोडीफार ओळखता येते. कुत्रं किती लवकर चिडेल, हे मात्र जातीवरून जवळजवळ सांगता येत नाही.

"मालकांना इचारलं?" तात्यांनी मधेच अडवलं.

"हो."

"मालक आपल्या कुत्र्याबद्दल खरं सांगतोय व्हय? आपल्या पोराबद्दल सांगत न्हाई कुणी."

भाचीला उत्तर सुचलं नाही. मलाही. शास्त्रज्ञांनी या त्रुटीचा विचार केला नसेल असं मुळीच नाही, पण तात्यांचा टोला मला आवडला.

"आन् नऊ टक्के म्हणजे काय? रुपयात नऊ पैसं. मंग सरकारनं पिटबुल, रॉटवायलर असल्या तेवीस जातींवर बंदी कशापायी घातली? जात बघूनच की."

"मार्च 2024 मध्ये केंद्रानं राज्यांना तसं पत्र पाठवलं, खरं आहे. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्दही केलं. मामा, दवाखान्यात माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त दात दाखवणारं कुत्रं कुठलं आलं असेल? लॅब्रॅडोर. चार फुटांच्या साखळीला, बंगल्याच्या मागं, दिवसातून दोनदा भांडं सरकवायचं. पोरगं भांडं उचलायला गेलं तर हातालाच धरलं. मालक म्हणतो, लॅब्रॅडोर चावतो कसा? हे फसवं निघालं, बदलून द्या म्हणून विकणाऱ्याशी भांडतोय." ती थांबली. "जन्मावरून गुन्हेगार ठरवायचा कायदा इंग्रजांनी 1871 मध्ये माणसांसाठी केला होता. आपल्या भागात त्याचे चटके कुणाला बसले ते तुम्हाला सांगायला नको. 1952 पर्यंत तो होता. तसंच हे."

"ते नको," तात्या एकदम गंभीर झाले. "माणसाचं आन् कुत्र्याचं एक करू नको. कुत्र्याची जोडी लावून जात बनवत्यात. माणसाला कुणी पिंजऱ्यात घालून पैदा केलं न्हाई."

मला वाटतं तात्यांचं बरोबर होतं. पण 'जातिवंत' हा शब्द आपण घोड्याला, बैलाला, कुत्र्याला आणि माणसालाही एकाच कौतुकानं लावत आलो. 'गावठी' म्हणताना नाक मुरडायची सवय त्याच घरातली. भाषेतून हे निघत नाही तोवर कुत्र्याच्या जातीवर कुणी तोंड उघडलं की दुसऱ्याला वेगळंच काही ऐकू येणार. माहुलीच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्याची समाधी आहे. तिथं जाणारा माणूस खंड्याची जात विचारत नाही, त्यानं महाराजांना वाघापासून कसं वाचवलं तेवढंच सांगतो. (रायगडच्या वाघ्याचा वाद इथं काढत नाही. तो इतिहासकारांना लखलाभ.) आणि खंडोबाचं तर काय, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालताना कुणी वंशावळ मागत नाही.

तात्यांचा हुकमी पत्ता बैल असतो, तो आता पडला. त्यांच्या दावणीला आयुष्यभर खिलार.

"खिलार बघ. परका माणूस दावणीला आला की फुसफुसणार, शिंग दावणार. जर्सीचा बैल असं करतोय का?"

"मामा, तुमच्याच दावणीचं सांगू? मी सातवीत असताना दोन खोंडं होती. एकाला तुम्ही शर्यतीसाठी तयार करत होता. रोज हलगी वाजवायची, माणसांतनं फिरवायचा, पोरं अंगावर हात फिरवायची. दुसरा रानातच बांधलेला. मैदानात हजार माणसांच्या गोंगाटात कोण शांत उभा राहिला आणि बाजारात कोणी व्यापाऱ्याला उचलून टाकला?"

तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. मळणं जरा जास्तच वेळ चाललं.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," भाची म्हणाली. "ही म्हण शेतकऱ्यानंच केलीय ना? वाण म्हणजे रंग. रंग बदलत नाही, गुण बदलतो."

"म्हणीचं काय सांगती? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हीबी म्हणच की. आपल्या बाजूची घ्यायची आन् दुसरी सोडायची."

आता मलाही राहवेना. तात्यांची बाजू पडायला लागली होती आणि माझ्याकडे त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट होती. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला 1959 मध्ये दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. कातड्यासाठी पाळलेले कोल्हे, हात पुढं केला तर तोडणारे. प्रत्येक पिढीतले जे सगळ्यात कमी बुजरे तेवढेच निवडायचे आणि त्यांचीच जोडी लावायची. त्यांना शिकवायचं नाही, घरात वाढवायचं नाही, माणसाची संगत अगदी मोजकी. दहा पिढ्या व्हायच्या आत त्यातले काही कोल्हे माणूस दिसला की शेपूट हलवायला, हात चाटायला लागले. बेल्यायेवच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी पुढं याहून कडक कसोटी लावली. माणसाळलेल्या मादीचे गर्भ रागीट मादीच्या पोटात वाढवले. पिलं वळणावर गेली ती रक्ताच्या आईच्या. वाढवणाऱ्या आईच्या नव्हे.

"ऐक!" तात्यांनी तंबाखू तळहातावर थोपटली. "रशियातल्या कोल्ह्याला कळलं, डॉक्टरीणबाईला कळंना."

"मला हे माहीत आहे, मामा. पण बेल्यायेवनं काय निवडलं? रंग? उंची? कातडं? त्यानं वागणं निवडलं. म्हणून वागणं बदललं. तुमच्या पिलाचा बाप कशावरून पहिला आला?"

"चाल. बांधा. डोकं."

"माणसांशी वागला कसा, हे कुणी बघितलं?"

तात्या गप्प. आणि माझ्या मते सगळ्या रात्रीतला खरा मुद्दा हा होता. स्वभाव रक्तातून उतरतो. पण शोच्या मैदानात स्वभावाला कुणी गुण देत नाही, आणि ज्याची निवडच झाली नाही ते पिढीगणिक साठत नाही. जातीच्या नावाखाली आपण देह विकत घेतो आणि वर स्वभाव फुकट मिळाला असं धरून चालतो.

मग पाच आठवड्यांवर गाडी पुन्हा आली. भाचीनं सांगितलेलं थोडक्यात देतो, कारण ज्याला पिलू घ्यायचंय त्याला नेमकं हेच माहीत नसतं. अमेरिकेतल्या बार हार्बरला स्कॉट आणि फुलर यांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षं वाढवून बघितली. त्यांचा ग्रंथ 1965 चा. त्यात बासेंजी जातीची पिलं पाच आठवड्यांची असताना माणूस बघून पळत, कॉकर स्पॅनियलची तशी पळत नसत. इथवर जात. पण रोज हाताळायला लागल्यावर बासेंजीही निवळली. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या मधे पिलाचं जग ठरतं. कोण आपलं, कोण परकं, कशाला भ्यायचं, ते सगळं तेव्हा. त्याच प्रयोगशाळेत काही पिलांना उंच कुंपणाच्या रानात ठेवलं आणि चौदा आठवडे माणसाचा हात लागू दिला नाही. ती पिलं पुढं जवळजवळ माणसाळलीच नाहीत. जात माणसाळू कॉकर स्पॅनियल, तरीसुद्धा.

"मंग लवकर आणलेलं बरंच की!" तात्यांना एकदम आधार सापडला. "तिसऱ्या आठवड्यापास्नं जग ठरतंय म्हणतीस, तर पाचव्याला आणून माणसात सोडतो."

"आणि दात? पिलू भावंडाला जोरात चावतं, भावंड केकाटतं, खेळ थांबतो. आई गुरगुरते, तोंड धरून दाबते. किती जोरात चावायचं नाही हे तिथं शिकतं, सहा-सात-आठ आठवड्यांत. ते माणूस शिकवू शकत नाही. आपण केकाटलो तरी आपल्याला कुत्र्याची भाषा येत नाही. म्हणून 2017 च्या नियमात आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायला बंदी आहे."

"कायदा हाय?"

"आहे. तुम्ही इसार दिलाय तो बेकायदा सौद्याला."

उंब्रजच्या सोप्यावर कायद्याचं नाव निघालं की जरा शांतता पसरते. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते. पायरीखालचं गावठी कुत्रं उठलं, अंग ताणलं, पुन्हा पडलं. तात्या त्याच्याकडे बघत म्हणाले, "आमचं मान्य कर ना थोडं. नुसत्या वळणावर हाय म्हणती, तर ह्या गावठ्याला सशामागं पळव करवानीसारखं."

"मान्य. पळणार नाही. कितीही शिकवा."

"झालं तर."

"पण तुम्हाला पळायला कुत्रं पाहिजे का? शिकार 1972 च्या कायद्यानं बंद. तुम्हाला आता दारात राहील, सुनेला, नातवंडांना जवळ करील, यात्रेच्या दिवशी शंभर माणसं घरात येतात तेव्हा भिऊन कुणाला चावणार नाही, असं कुत्रं पाहिजे. त्याच्यासाठी तुम्ही बापाचं डोकं आणि चाल बघून पैसे दिलेत."

मी विचारलं, "आई कशी आहे?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कुणीच आईबद्दल विचारलं नव्हतं. तात्यांनी बापाचा फोटो मोबाइलवर दहा वेळा दाखवला होता, कपासकट, मालकासकट. भाची आठवड्यांचा हिशेब करत होती. पण अर्धं रक्त आईचं, आणि पहिल्या आठ आठवड्यांचं सगळं वळणही आईच देते. माणूस आला की ती उठून दूर जाते, गुरगुरते की शेपूट हलवते, ते तिच्या पोटाला चिकटलेली पिलं रोज बघतात. तात्यांचं म्हणणं आणि भाचीचं म्हणणं जिथं एकत्र येतं ती जागा म्हणजे ती कुत्री, आणि तिला दोघांपैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. जातिवंत पिलं विकणारे बापाचं नाव पाटीवर लिहितात. आईला मागच्या खोपटात ठेवतात.

तात्यांनी तिथंच फोन लावला. स्पीकरवर. नमस्कार-चमत्कार झाले. मग म्हणाले, "रविवारी येत न्हाई. तीन आठवडं थांबतो. पिलू आईपाशी राहू द्या. आन् आलो की आधी कुत्रीला बघणार, मोकळी."

पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, "बाप बघा की पाव्हणं, चॅम्पियन हाय. कुत्री साखळीवर असती कायम. परक्याला खोपटाजवळ येऊ देत न्हाई. वाढताना आमालाबी काठी घिऊन जावं लागतंय."

"आन् तीन आठवडं?"

"थांबायचं न्हाई. दुसरं गिऱ्हाईक हाय."

तात्यांनी भाचीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "मंग द्या त्यांना," म्हणाले आणि फोन ठेवला.

इसार पाच हजारांचा होता. तो बुडाला.